चढ्या घोड्यानिशी निघालेला खान पारच्या खोऱ्यात कसा अडकला?

शिवाजीला चढ्या घोड्यानिशी धरून आणतो, असे अफझलखान विजापूरच्या दरबारात बोलला, हे सभासदाच्या बखरीत आहे. चढ्या घोड्यानिशी म्हणजे खाली पाय न टेकता. प्रत्यक्षात १० नोव्हेंबर १६५९ ला खान पालखीतून प्रतापगडाचा चढ चढत होता आणि त्याचे घोडदळ खाली पार गावाच्या झाडीत उभे होते.

भेटीत पुढे काय झाले ते चौथीपासून सगळ्यांना पाठ आहे. शामियाना, मिठी, वाघनखे, बिचवा, सय्यद बंडा, जिवा महाला. खरे कोडे त्याच्या आधीचे आहे. उभी हयात लढाईत गेलेला, वाईच्या सुभ्याचा कारभार केलेला, म्हणजे हा मुलूख पायाखालचा असलेला सरदार त्या जागी आलाच कसा? खान गर्विष्ठ होता म्हणून, हे उत्तर सोपे आहे आणि अपुरे आहे. गर्विष्ठ तर तो आधीच्या मोहिमांतही असणार, आणि त्या त्याने जिंकल्या होत्या.

साताऱ्याच्या वाचकाला एक सोय आहे. ही सगळी जागा जिल्ह्यातच आहे आणि आजही जवळपास तशीच आहे. वाईहून पसरणीचा घाट चढून पाचगणी, पुढे महाबळेश्वर, मग आंबेनळी घाटाने उतरून प्रतापगडचा फाटा. पन्नास-पंचावन्न किलोमीटरचा रस्ता. ह्या प्रवासात खिडकीबाहेर नीट पाहिले तरी निम्मे उत्तर मिळते.

खान कच्चा नव्हता

कर्नाटकातल्या मोहिमांत अफझलखानाने नाव काढले होते. शिऱ्याचा राजा कस्तुरीरंग शरण म्हणून भेटीला आला, तेव्हा खानाने त्याला तिथेच मारले, ही गोष्ट दख्खनभर माहीत होती. १६५४ साली कनकगिरीच्या वेढ्यात महाराजांचे थोरले बंधू संभाजीराजे मारले गेले, त्याचा ठपकाही खानावरच होता. १६५७ साली औरंगजेब बीदर-कल्याणीवर चालून आला, तेव्हा त्याच्याशी लढणाऱ्या आदिलशाही सरदारांत खान होता. मैदानावरची लढाई, वेढा आणि भेटीतला दगा, तिन्हींचा अनुभव त्याच्या गाठीला होता. विजापुराने निवडलेला माणूस चुकीचा नव्हता. चुकीची होती ती त्याला दिलेली कामगिरी आणि तिच्यासाठी दिलेली फौज.

फौज कितीची होती? बखरीत बारा हजारांच्या पुढचे आकडे येतात. राजापूरच्या इंग्रज वखारीतून लढाईनंतर बरोबर एका महिन्याने, १० डिसेंबरला लिहिलेल्या पत्रात घोडदळ आणि पायदळ मिळून १०,००० असा आकडा आहे. त्याच पत्रातली दुसरी ओळ जास्त मोलाची आहे: एवढ्या बळावर शिवाजीशी टक्कर होणार नाही हे विजापूरची राणी जाणून होती, म्हणून तिने खानाला मैत्रीचे सोंग करायला सांगितले. म्हणजे ही राणी, बडी बेगम, ज्या मोहिमेवर खानाला धाडत होती, ती धरपकडीची होती. गड घेणे, मुलूख जिंकणे हे नंतरचे. एक माणूस हातात आला की बाकी आपोआप होईल, असा हिशेब होता.

आणि त्या हिशेबातच गोम आहे. गड हवा असेल तर गडाला वेढा घालून बसता येते. माणूस हवा असेल तर तो बसला असेल तिथे जावे लागते. जागा कोणती, हे मग तो माणूस ठरवतो.

महाराजांनी ती ठरवली. पावसाळ्यातच ते राजगड सोडून प्रतापगडावर आले. जावळी १६५६ साली चंद्रराव मोऱ्यांकडून घेतल्यावर भोरप्याच्या डोंगरावर मोरोपंत पिंगळ्यांनी हा गड बांधला होता. खान येत होता तेव्हा त्याचा चुनाही जुना झाला नव्हता. राजगडावर राहिले असते तर खानाची फौज शिरवळ-पुण्याच्या मोकळ्या मुलखात पसरली असती आणि गावे जाळत बसली असती. प्रतापगडाभोवती पसरायला मैदानच नाही.

फौजेचे पोट

जुन्या लढाया वाचताना आपण तलवारी मोजतो. सरदार आधी वैरण मोजायचा. लढाईनंतर महाराजांच्या हाती लागलेली लूट सभासद देतो त्यात ६५ हत्ती, ४,००० घोडे आणि १,२०० उंट आहेत. आकडे थोडे फुगलेले धरले तरी फौजेच्या घडणीचा अंदाज येतो. आता ह्या जनावरांचे पोट मोजू.

कामावरच्या घोड्याला दिवसाला साधारण १० किलो सुकी वैरण लागते, वर चंदी म्हणून ३-४ किलो हरभरा. पाणी ३० लिटर धरा. ४,००० घोड्यांची नुसती वैरण झाली ४० टन. पाणी १ लाख २० हजार लिटर, म्हणजे माणदेशात उन्हाळ्यात गावोगाव फिरतात तसले १०,००० लिटरचे बारा टँकर, रोज. एका हत्तीला १५० किलो चारा आणि जवळपास तेवढेच लिटर पाणी. ६५ हत्तींचा दिवसाचा चारा दहा टनांच्या घरात. उंट ह्यात धरलेलेच नाहीत. माणसांचे पीठ-मीठ, बाजारबुणगे, तंबू, दारूगोळा हे वेगळेच.

वाईत हे सगळे बसत होते. कृष्णेचे पाणी, काठची काळी जमीन, बाजारपेठ, आणि पूर्वेला खटाव-माणपासून विजापूरपर्यंत रसदेची सपाट वाट. म्हणून पावसाळा त्याने वाईत काढला. ह्या मुक्कामाला काही जण दिरंगाई म्हणतात, पटत नाही. जूनमध्ये जावळीत उतरणे म्हणजे आत्महत्याच झाली असती. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्याच जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला म्हसवडला पाचशेच्या आसपास. खानाचे घोडे आणि उंट ह्या दुसऱ्या टोकाच्या हवेवर पोसलेले. उंटाचा गादीसारखा तळवा ओल्या उतारावर धरत नाही.

चार महिने बसल्याची किंमत मात्र द्यावी लागली. आदिलशाही फौज म्हणजे एक सलग लष्कर नव्हे. प्रत्येक सरदाराचे आपापले पथक, आपापली पागा, आपापली थकबाकी. बसलेली फौज रोज खाते आणि काहीच मिळवत नाही. दसरा झाला, रान वाळू लागले, दरबाराचा डोळा वाईवर. खानाला आता काहीतरी करून दाखवणे भाग होते.

मावळच्या देशमुखांना बादशाही फर्माने गेली होती. खंडोजी खोपडे खानाला जाऊन मिळाला. कारीचे कान्होजी जेधे फर्मान घेऊन, पाच मुलांसह महाराजांकडे आले. एकेका देशमुखाच्या मागे त्याच्या खोऱ्यातल्या वाटा, वाटाडे आणि चौक्या असतात. देशमुख गेला की डोळे गेले. वरघाटी काय चालले आहे ते खानाला कळत होते, पण जावळीच्या रानात किती माणूस दबा धरून आहे ह्याची खबर त्याला शेवटपर्यंत लागली नाही.

रडतोंडी

आता जमीन पाहू. वाई समुद्रसपाटीपासून सातशे मीटरच्या थोडी वर. महाबळेश्वर साडेतेराशेच्या पुढे. म्हणजे आधी सहा-साडेसहाशे मीटर चढायचे, पठार ओलांडायचे आणि मग पलीकडे कोयनेच्या खोऱ्यात पारला उतरायचे. हा उतार म्हणजे रडतोंडीचा घाट. नावातच सगळे आले. पसरणीच्या डांबरी घाटात आज भरलेला ट्रक दुसऱ्या गिअरवर घरघरत चढतो. रडतोंडीला तेव्हा एकामागे एक जाण्यापुरती पायवाट होती.

एकेरी रांगेत एका घोड्याला, पुढचे-मागचे अंतर धरून, निदान तीन मीटर लागतात. समजा खानाने पारला फक्त २,००० घोडे नेले. रांग झाली सहा किलोमीटरची. घाट उतरताना लगाम हातात धरून ताशी तीन किलोमीटर गेले, तर पहिला घोडा खाली पोचला तरी शेवटचा अजून माथ्यावरच. मध्ये एखादे जनावर घसरून आडवे पडले की मागचे सगळे थांबले. उतरताना ह्यात फक्त वेळ जातो. पळून वर चढायचे असेल तर हीच वाट बुचासारखी बसते.

पुढे साताऱ्याचा रेसिडेंट म्हणून राहिलेल्या ग्रँट डफने आपल्या इतिहासात नोंदले आहे, की खानाला येण्यासाठी महाराजांनी रान तोडून वाट करून दिली आणि बाकीच्या सगळ्या वाटा बंद करून टाकल्या. पाहुण्यासाठी रस्ता साफ करणे हा एरवी मान असतो. इथे त्याचा अर्थ, आत यायला एक दार आणि बाहेर जायलाही तेच.

पार हे काही आडगाव नव्हते. घाटमाथा आणि कोकण जोडणाऱ्या जुन्या व्यापारी वाटेवरचे ठाणे. रामवरदायिनीचे देऊळ, नदीवरचा दगडी पूल आजही तिथे आहे. पाणी होते, तळ पडायला जागा होती, त्यामुळे वरवर पाहता खानाने निवडलेला तळ वाईट म्हणता येत नाही. पण गावात उभे राहून मान वर केली की कळते. एका अंगाला महाबळेश्वरचे कडे, दुसऱ्या अंगाला प्रतापगड, सुमारे १,०८० मीटरवर. तळातल्या प्रत्येक चुलीचा धूर गडावरून मोजता येईल आणि तळातून गडाच्या पलीकडचे काहीही दिसणार नाही. घोडदळाचा हल्ला म्हणजे वेग, आणि वेग धरायला दोन-तीनशे मीटर तरी मोकळी सपाट जागा हवी. पारच्या खोऱ्यात अशी सलग जागा शोधूनही सापडत नाही.

चाळण

वाईतली सगळी फौज खान पारला आणू शकत नव्हता. वर केलेला वैरणीचा हिशेब त्या घाटातून रोज उतरवणे अशक्य होते. म्हणून फौजेचा मोठा भाग आणि जड सामान वाईला राहिले. ही पहिली चाळण. दोन्ही तळांच्या मध्ये एक अख्खा डोंगर आणि निदान दीड-दोन दिवसांची चाल.

दुसरी चाळण बोलण्यांतून लागली. खानाचा वकील कृष्णाजी भास्कर, महाराजांचे वकील पंताजी गोपीनाथ. निरोपांचा सूर एकच: राजे भ्यालेले आहेत, वाईला यायचे धाडस होत नाही, खानानेच वडीलकीच्या नात्याने जावळीत यावे. खानाला हे पटणे साहजिक होते, कारण ह्याच भीतीवर त्याची सारी योजना उभी होती. पारहून भेटीच्या जागेकडे निघताना त्याच्याबरोबर हजार-दीड हजार बंदूकवाले होते. पंताजींनी सांगितले, एवढा जमाव पाहिला तर राजे माघारी गडावर जातील. ते बंदूकवाले मागे थांबले.

तिसरी चाळण म्हणजे करार: दोन्हीकडून दहा-दहा अंगरक्षक, तेही बाणाच्या टप्प्यावर. दहा हजारांचे काही हजार, त्यांचे दीड हजार, त्यांचे दहा. प्रत्येक पायरीवर खानाला वाटत होते की आपण सावजाच्या जवळ जातो आहोत, आणि तसा तो जातही होता. त्याला एक माणूस हाताच्या अंतरावर हवा होता आणि तो मिळाला. सोबतच्या दहांत सय्यद बंडासारखा पट्टेकरी होता. महाराजांच्या दहांत जिवा महाला, संभाजी कावजी, येसाजी कंक होते, सिद्दी इब्राहिमही होता. हा सामना धर्माधर्माचा होता असे समजणाऱ्यांनी ही यादी पाहावी, आणि खानाच्या फौजेतल्या मंबाजी भोसले, झुंजारराव घाटगे ह्या नावांचीही दखल घ्यावी.

महाराजांनी दहाची अट पाळली, पण त्यांची फौज चाळली गेली नाही. ती भोवतीच्या झाडीत होती. जेधे, बांदल आणि मावळचे पायदळ जावळीच्या रानात, नेताजी पालकर फौजेसह घाटमाथ्याकडे, मोरोपंत कोकणच्या अंगाने आलेल्या माणसांसह. भेटीच्या जागेवर दोन्ही बाजू सारख्या आणि तिथून दोन हाक अंतरावर एकच बाजू.

तोफेचा बार

मार्गशीर्ष शुद्ध सप्तमी. झटापट उरकल्यावर गडावरून इशारत झाली आणि झाडीतून मावळे तळावर तुटून पडले. पुढच्या काही तासांत पारला काय बिघडले, ते हत्याराच्या अंगाने बघण्यासारखे आहे.

तोड्याच्या बंदुकीचे काम असे चालते: नळीत दारू ओतायची, गोळी टाकायची, गजाने ठासायची, कानात, म्हणजे नळीच्या बुडाच्या भोकात, रंजक (बारीक दारू) भरायची, पेटती जामगी (वात) खटक्यात अडकवायची आणि मग बार. सरावाच्या माणसालाही अर्धा ते एक मिनिट लागतो. शिवाय जामगी पेटती ठेवावी लागते; तहाच्या बोलण्यांवर विसंबून निवांत बसलेल्या तळात ती विझलेली असायची. मोकळ्या मैदानात शत्रू तीनशे मीटरवर दिसतो, दोन-तीन बार निघतात. झाडीतून उतरणीवर धावत येणारा माणूस पन्नास मीटर दहा सेकंदांत कापतो. एक बारसुद्धा निघेल की नाही सांगता येत नाही. त्यानंतर बंदूक ही नुसती जड काठी.

घोड्याचेही तसेच. जीन नसलेला, बांधलेला घोडा गोंधळात मोकळा करून स्वार व्हायला काही मिनिटे लागतात, आणि स्वार झाल्यावर जायचे कुठे? उघडी वाट एकच, तीही चढाची. हत्ती बिथरला तर आपल्याच माणसांना तुडवतो.

तिसरी गोष्ट हुकमाची. तळावर दुसरा सेनापती नव्हता. पथके ज्याची त्याची, आणि सगळ्यांना बांधणारा माणूस गडाखाली पडलेला. अशा फौजेत नायक पडल्याची आवई जरी उठली तरी प्रत्येक सरदार आधी आपले पथक वाचवायला बघतो. खानाने भेटीला जाताना मागे कुणाला पूर्ण मुखत्यारी देऊन ठेवली असती, तळावर अर्धी फौज जीन कसून उभी ठेवली असती, तर कत्तल टळली असती असे नाही, पण घाटाचे तोंड काही काळ धरता आले असते. तशी तयारी झालेली दिसत नाही. शिऱ्याला दगा खानाने केला होता, त्यामुळे दगा आपल्या हातचा असतो असे त्याने धरले असावे.

मंबाजी भोसले पडला. झुंजारराव घाटगे कैद झाला आणि पुढे सन्मानाने सुटला. शेकडोंनी हत्यार टाकले आणि त्यांना जीवदान मिळाले. सप्तमीचा चंद्र मध्यरात्रीच्या सुमारास मावळतो. त्यानंतर त्या रानात ज्याला वाट माहीत होती तोच बाहेर पडला. खानाचा मुलगा फाजलखान असाच सुटला. खंडोजी खोपड्याने त्याला घाट न चढवता कोयनेच्या काठाकाठाने, आडवाटांनी कऱ्हाडला पोचवले. अख्ख्या मोहिमेत वाटाड्याची खरी मदत झाली ती एवढीच. खोपड्याला पुढे एक हात आणि एक पाय तोडण्याची शिक्षा झाली.

पारचा पराभव निर्णायक ठरला तो मेलेल्यांच्या संख्येमुळे नव्हे. विजापूरची पश्चिमेकडची एकमेव उभी फौज मोडली होती आणि वाईपासून पन्हाळ्यापर्यंत अडवणारे कुणी उरले नव्हते. महाराज थांबले नाहीत. खटाव, मायणी, मसूर, कऱ्हाड, नेर्ले, कामेरी, वाळवे, अष्टे असा आजचा सातारा-सांगलीचा पट्टा भराभर ताब्यात आला. १८ दिवसांत, २८ नोव्हेंबरला, पन्हाळा घेतला. डिसेंबरअखेर कोल्हापूरजवळ आदिलशाही सरदार रुस्तुमेजमान आणि फाजलखान ह्यांची जमवलेली फौजही उधळली. पुढच्या मार्चमध्ये सिद्दी जौहर चालून आला, तेव्हा महाराज मिरजेला वेढा घालून बसले होते.

मग खानाने करायला काय हवे होते? ह्याचे उत्तर सहा वर्षांनी मिर्झाराजा जयसिंहाने दिले. १६६५ साली तो सासवडच्या मोकळ्या मुलखात तळ देऊन बसला. माणसाच्या मागे लागला नाही, पुरंदर धरला. तुकड्या पाठवून गडांभोवतालची गावे बेचिराख केली, म्हणजे रसद तोडली. पुरंदरासमोरच्या वज्रगडावर मारा करायला मोठ्या तोफा डोंगरावर ओढून नेल्या; एकेक तोफ वर चढवायला तीन-तीन दिवस गेले. १४ एप्रिलला वज्रगड पडला आणि जूनमध्ये तह होऊन २३ किल्ले मोगलांना मिळाले. त्यासाठी लागणारा पैसा, तोफखाना आणि महिनोन्‌महिने थांबायची मुभा खानाजवळ नव्हती. विजापुराने त्याला दिले होते ते मैत्रीचे सोंग आणि चढे घोडे. पारला तशी एक तोफ न्यायची म्हटली असती तरी ती आधी महाबळेश्वरपर्यंत चढवा, मग रडतोंडीने उतरवा आणि पुन्हा समोरच्या डोंगरावर चढवा असा खटाटोप होता. जयसिंह प्रतापगडाच्या वाटेला गेला नाही.